चौथऱ्यावर आवळलेली काहील

मी गुऱ्हाळातली काहील बोलतेय. उसाचा रस जिच्यात उकळून गूळ होतो, ती आठ फुटी, पसरट, लोखंडी काहील. नदीकाठच्या या गावात दरवर्षी सहा ऑगस्टला माझ्या गळ्यात हार पडतो. मला गळा नाही, पण मंडळाचं त्यावाचून अडत नाही. काठालाच अडकवतात.

कोल्हापुरात एका शेडमध्ये पत्र्याला रिव्हेट मारून माझा जन्म झाला. ट्रॅक्टरवरून इथं आले, गुऱ्हाळाच्या भट्टीवर, चुलवाणावर चढले आणि हंबीररावांच्या हाती लागले. ते गुळव्या. मला खाली कधी उतरवायचं हे त्यांना रसाच्या बुडबुड्यांवरून कळायचं. त्यांचा धाकटा भाऊ सयाजी जाळात चिपाडं सारायचा आणि काठाला चिकटलेला गरम गूळ बोट भाजून घेत खायचा. वीस वर्षं मी अशी तापले. त्याचा कधी कंटाळा आला नाही.

२०१९च्या महापुरात चुलवाण बुडालं आणि मी तरंगले. शाळेच्या कौलांवर माणसं बसली होती आणि मागवलेली बोट येत नव्हती. दोघा भावांनी मला दोर बांधला आणि पोहत ढकलत नेलं. पहिल्या खेपेला सात जण आणले. दुसऱ्या खेपेला सात बसले, तोवर सयाजीचे हातपाय गळाले होते. त्याला पोहवेना, आणि आठवा बसला असता तर मी कलंडले असते.

"दादा, तू हो फुडं. मला मागनं न्ये," तो कौलांवरून म्हणाला.

आम्ही परत गेलो तेव्हा कौलंच नव्हती. सयाजी तिसऱ्या दिवशी सापडला.

पहिल्या वर्षी लोक नुसते जमले, रडले आणि घरी गेले. ते मला पटलं. दुसऱ्या वर्षी माईक आला. तिसऱ्या वर्षी स्मारकाची टूम निघाली. मंडळाचा अध्यक्ष उदयसिंह, तोही त्या चौदांतलाच, माझा काठ धरून 'आई, आई' करत आलेला. त्यानं चौकात सिमेंटचा चौथरा बांधला. मला कुणी चोरून नेऊ नये म्हणून माझ्या बुडाला चार भोकं पाडली आणि चार बोल्ट आवळून टाकले. वर चंदेरी रंग फासला. भोकांमुळं पावसाचं पाणी साचत नाही, असं वर कौतुक. आता या शहाणपणापुढं मी काय बोलू?

हंबीररावांना दरवर्षी शाल देतात आणि बोलायला उभं करतात. गेल्या वर्षी निवेदकानं चौदाचे चाळीस केले. सयाजीचं नाव निघालं की कुणीतरी कानाशी लागतं, "काका, जरा उभारी देणारं बोला की." मग हंबीरराव खाली बसतात. भाऊ गेला आणि आपण उरलो, हे ओझं ते रोज वागवतात. वर्षातला एक दिवस तरी ते हलकं करावं, तर त्याच दिवशी हे त्यांना फेटा बांधतात.

आज पुन्हा सहा ऑगस्ट. नदीच्या वरच्या अंगाला, गगनबावड्याकडं चार दिवस पाऊस झोडपतोय आणि पाणी शाळेच्या पायरीला लागलंय. सकाळीच हंबीरराव उदयसिंहाला म्हणाले, "कार्यक्रम ऱ्हाऊ दे. हिला काढा. भोकं वेल्डिंग करून घिऊ."

"आता कसं काढायचं, काका? पावणं कागलातनं निघालेत. आन् यंदा बोट मागवलिया की."

"तवाबी मागवलीच हुती."

मंडप मात्र उभा राहिलाच.

दुपारी हंबीररावांनी शाल घेतली नाही. माईक धरून म्हणाले, "माझा भाऊ सयाजी हिच्यात जागा न्हवती म्हणून गेला. आज पाणी चढलं तर हिच्यात एकबी माणूस बसायचं न्हाय. बुडाला भोकं हाईत. उठा, बोल्ट काढू लागा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या कडकडून वाजवल्या. मग मसालेभाताला रांग लागली.

आता मंडप रिकामा आहे. हंबीरराव पाना घेऊन माझ्यात उतरलेत आणि गुडघे टेकून बसलेत. तीन नट निघाले. चौथा गंजलाय, तो एकट्याच्या जोरानं हलत नाही. वेल्डिंगचं दुकान पन्नास पावलांवर आहे, पण तिथवर जायला आधी मला इथून सुटायला हवं. हार नको मला, भाषणही नको. जेवून हात धुऊन झाले असतील, तर कुणीतरी एक जण या आणि पाना धरा.