सावडीचे पाणी

श्रीमंत जाऊन दोन महिने झाले होते, आणि तरीही रोज सकाळी त्याच्याकडून गहिनीनाथच्या गव्हाला पाणी येत होते.

गहू मोबाईलमधला होता. फुकटच्या त्या खेळात दोघा मित्रांची शेते शेजारी शेजारी होती. शेजाऱ्याने पाणी घातले की पीक लवकर पिके. म्हणून गावातली सावड ते तिथेही पाळत. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. श्रीमंत गेल्यावरही गहिनीनाथ त्याच्या शेताला पाणी घालत राहिला; दुसरे काही करणे आता शक्य नव्हते. पण आठवड्यापूर्वी तिकडूनही पाणी येऊ लागले. पडद्यावर श्रीमंतचे नाव आणि ओंब्यांवरून ओघळणारे निळे थेंब. पहिल्या दिवशी त्याच्या हातून मोबाईल निसटला होता.

आठव्या दिवशी तो श्रीमंतच्या घरी गेला. दहाव्याच्या विधीनंतर प्रथमच. श्रीमंतची आई, मालनबाई, ओट्यावर बसून मुलाच्या मोबाईलवर एकेक बोट टेकवत होत्या.

"ये की. वाट चुकला व्हय?"

"मावशी, हे तुमी करता?"

"मग कोन? उभं पीक वाळू द्यायचं का? शेजारच्या पूजानं शिकवलं. लई सोपं हाय बघ. ना खुरपनी, ना बिबट्याचं भ्या." त्या जराशा हसल्या. "तू रोज त्याच्यात पानी घालतोस. मग तुजी सावड अंगावर कशी ठिवू?"

विहिरीतली मोटर काढताना वर दोर धरायला माणूस लागतो. श्रीमंत गेला त्या सकाळी तो माणूस गहिनीनाथ असणार होता. 'निघालोच' असे फोनवर सांगून तो तासभर घरातच बसून राहिला. शेवटी श्रीमंत एकटाच उतरला आणि बुडाला. वाटेत गाडी पंक्चर झाली, असे गहिनीनाथने सगळ्यांना सांगितले होते. ते ऐकून मालनबाईंनीच त्याला जवळ घेतले होते.

"मला अक्षर येत न्हाई," त्यांनी मोबाईल त्याच्या हातात दिला. "हितं यादी हाय म्हनं, कोन कवा येऊन गेलं त्याची. तो जित्ता असताना त्याच्या शेतात शेवटी कोन आल्तं, तेवडं वाच."

नोंदी मागे सरकवत तो तिथवर पोहोचला. खोटे वाचले असते तरी त्यांना कळले नसते.

"सोळा जानेवारी," तो म्हणाला. "गहिनीनाथ. सकाळी दहा चाळीस."

"तवा तो हिरीत हुता."

"व्हय."

"आन् तुजी गाडी?"

"पंक्चर न्हवती, मावशी. मी घरात हुतो. ह्यो खेळ खेळत हुतो."

मालनबाईंनी मोबाईलकडे बोट केले.

"परत वाच."

त्याने वाचले.

"परत."

चौथ्यांदा वाचताना तो स्वतःच्या नावावर अडखळला. त्यांनी मोबाईल काढून घेतला नाही. त्याला जा म्हणाल्या नाहीत.

"परत," त्या म्हणाल्या.