शेठची माती

बहिरू जाऊन दोन महिने झाले, तरी सरूबाई रोज सकाळी कपाळाला कुंकू लावत होती. हौस म्हणून नव्हे, सासूचा हुकूम म्हणून. तुंगार्लीच्या बंगल्यामागच्या खोलीत आरशासमोर बसताना तिला ना लाज वाटे, ना दुःख. केर काढावा तसं एक काम उरकायचं, एवढंच.

या सगळ्याला कारण एक घोरपड.

सरूचा नवरा बहिरू बंगल्याचा माळी, मूळचा भाजे गावाच्या वरच्या वाडीतला. वाडीत घोरपड दिसली की लोक चूल पेटवायला धावतात; या पठ्ठ्यानं मात्र वारुळापाशी सापडलेलं वीतभर पिल्लू धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणलं. ते मान वर करून ऐटीत चाले, म्हणून त्याचं नाव ठेवलं शेठ. चार वर्षांत शेठ तीन हात लांब झाला. बंगल्याचे साहेब महिन्यातून एकदा येत. त्यांनी हसत हसत कोंबड्यांचं जुनं खुराडं शेठच्या नावे करून टाकलं.

पण खुराड्याला खाली सिमेंटचा कोबा. त्यावर शेठची नखं झिजली, पोटाला चट्टे पडले. मग बहिरूनं पहारीनं कोबा फोडला, कमरेइतका खड्डा घेतला आणि शेठनं बोगदा काढून पोबारा करू नये म्हणून कडेनं दगड रचले. आत लाल माती, नदीची वाळू आणि वारुळाची माती कालवून भरली. वरची कोरडी, खालची ओलसर. एका कोपऱ्यात उन्हाला बसायला सपाट दगड. "मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा, अशी माती पायजे," हे तो इतक्यांदा ऐकवी की सरू वैतागून म्हणे, "माज्या भाकरीच्या पिठाची कदी येवढी चवकशी केलीत का?"

ज्येष्ठात फांदी छाटताना तो झाडावरून पडला. खोलीत आणून खाटेवर निजवला, आणि दुपार कलायच्या आत सगळं आटोपलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिवाजाप्रमाणे खाटेच्या जागी चाळलेली राख पसरली. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं त्याची पावलं सकाळी राखेत दिसतात, असं वाडीत मानतात. कुणाच्या राखेत चिमणी उमटते, कुणाच्या मुंगी. बहिरूच्या राखेत मोठाले पंजे उमटले होते आणि त्यांच्या मधोमध शेपटीची लांब रेघ. कणगीमागे खुद्द शेठच बसला होता.

"माजा बहिरू!" म्हणून म्हाताऱ्या बायडाबाईनं, बहिरूच्या आईनं, हंबरडा फोडला. वाडीहून आलेल्या माणसांनी हात जोडले. सरूला मात्र ठाऊक होतं, आदल्या संध्याकाळी खुराड्याची कडी लावायची तीच विसरली होती. ती सांगणारही होती. पण तीन दिवस पाण्याचा घोट न घेतलेल्या सासूनं तेवढ्यात भाकर मागितली. सरूनं भाकर वाढली आणि कडीची गोष्ट गिळून टाकली.

तेव्हापासून घरात सुतक असं उरलंच नाही. "तुजा दादला समोर बसलाय, आन् कपाळ कशाला पांढरं करतीस?" असं सासूनं बजावलं. बायडाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दिसे ते अंधुक. ती दिवसभर खुराड्याशी बसून शेठला अंडं भरवी, वाडीच्या खबरा सांगे. बहिरू मेला, हा शब्द त्या घरात कुणीच उच्चारला नाही. सरूला रडूही आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, आणि हे असंच राहणार की काय, याची तिला भीती वाटे.

श्रावणात खुराड्याचा पत्रा गळला. वरच्या मातीचा चिखल झाला. शेठनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, नुसता कोपरे खरवडत राहिला.

"माजं लेकरू उपाशी हाय गं," बायडाबाईनं धोशा लावला. तिनंही जेवण सोडलं.

सरूला शेठबद्दल माया नव्हती. पण तो गेला तर म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल आणि या वेळी ती उठायची नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं शेठला डालग्याखाली कोंडलं, बहिरूनं बंगल्याच्या पडवीत साठवलेली कोरडी माती आणून ठेवली आणि चिखल उपसायला घेतला. सासू काठावर बसून होती.

गुडघाभर उपसल्यावर सरू सपाट दगडाच्या कोपऱ्याशी आली. तिथली माती बरीच सुकी होती. बोटांना काहीतरी मऊ लागलं. पांढरी, लांबट अंडी. एकाला लागून एक, पंधरा-वीस तरी.

तिनं घाईघाईनं वर माती ओढली.

"थांबलीस का गं?"

"दगूड लागला, आत्या."

"दगडाला कुनी येवढं हळूच झाकतं व्हय?" म्हातारीनं वाकून खड्ड्यात हात घातला. जन्मभर कोंबड्यांखालून अंडी काढलेला हात तो, त्याला काय फसवणार? ती कितीतरी वेळ चाचपत राहिली.

"अंडी हायेत."

"व्हय."

"म्हंजी ही मादी हाय."

"व्हय, आत्या."

"मग राखंतली पावलं?"

"त्या सांजंला कडी म्या लावलीच न्हाई. म्हून ही आत आलती." सरू शिव्यांची वाट बघत उभी राहिली.

शिव्या आल्या नाहीत. रस्ता चुकलेल्या पोरानं विचारावं तसं म्हातारीनं विचारलं, "मग माजा बहिरू कुटं गेला गं?"

"मेला, आत्या," सरू म्हणाली. "आपला बहिरू मेला."

तो शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला, तोही स्वतःच्या तोंडून. कुणीतरी मोठ्यानं रडतंय असं तिला वाटलं. आपणच रडतोय हे कळायला वेळ लागला. बायडाबाईनं चिखलाच्या हातांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि दोघी खड्ड्याच्या काठावर पोटभर रडल्या.

मग म्हातारी नाक शिंकरून म्हणाली, "अंडी उगडी हायेत. झाक ती. त्यो कशी माती घालायचा, तुला ठावं हाय न्हवं?"

सरूनं पडवीतल्या मातीवर थोडं पाणी शिंपडलं, मूठभर घेऊन दाबली. गोळा झाला. बोट लावलं, फुटला. तिनं कपाळावरचा घाम पुसला, तर मनगटाला कुंकू लागलं. ते तिनं पदराला पुसलं आणि घमेलं उचललं.