दुसऱ्या गिअरचा आवाज

"आता मारा," बॉनेटमध्ये डोकं खुपसून मुंजाजी म्हणाला.

उत्तरेश्वरने स्टार्टर दाबला. जीप दोनदा ठसकली, बाभळीखाली काळा धूर सोडला आणि पुन्हा गप्प झाली. मुंजाजीने आत काहीतरी पिळलं, तिला तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि हाताने खूण केली. या वेळी ती सुरू झाली, आणि अशी सुरू झाली, की मागच्या बाकावर अंडी घालायची सवय झालेल्या शेजारच्या गीताबाईच्या कोंबड्या पंख फडफडवत कुंपणापार झाल्या. उत्तरेश्वरने पाय काढला नाही. साठीला आलेला माणूस, पण त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवलेही नाहीत, कारण बघायला मुंजाजीशिवाय कुणी नव्हतं आणि मुंजाजीचं सगळं लक्ष कार्बोरेटरकडे होतं.

"डायवर, अजून ऐका माझं," मुंजाजी हात पुसत म्हणाला. तो माजलगावचा, विहिरींवरचे पंप दुरुस्त करून पोट भरायचा आणि जुन्या गाड्यांची हौस म्हणून इकडे यायचा. "हिच्यात डिझेल इंजिन टाकू. समदे टाकायलेत. न्हाईतर गिअरबॉक्सात जाड ऑइल तरी घालू. दुसऱ्या गिअरला लई रडती."

"रडू दे," उत्तरेश्वर म्हणाला. "न्हाई रडली तर ती माझी गाडी हाय का दुसऱ्याची, मला कसं कळावं?"

खरं तर ती त्याची झाली होती तीनेक वर्षांपूर्वीच. त्याआधी एकोणीस वर्षं गाडी सरकारची आणि तो तिचा ड्रायव्हर. साहेब येत, बदलून जात. स्टिअरिंगमागे उत्तरेश्वर तो उत्तरेश्वरच. मग देशात नव्या गाड्यांचं पेव फुटलं, खात्याला पांढरीशुभ्र नवी गाडी मिळाली, जीप कचेरीमागे उभी राहून गंजली आणि शेवटी भंगार म्हणून लिलावात निघाली. त्याच साली उत्तरेश्वर निवृत्त झाला होता. त्याने ती सोडवली आणि ट्रॅक्टरच्या मागे बांधून गावात आणली. बायकोने, सुभद्राबाईने, कपाळाला हात लावला आणि पुण्याला सुनेच्या बाळंतपणाला निघून गेली. दोन महिन्यांसाठी गेली होती. ते बाळ आता बालवाडीत जात होतं.

घरात बोलायला माणूस नाही आणि अंगणात जीप, असा त्याचा संसार सुरू झाला. सकाळी चहा घेऊन तो तिच्याखाली शिरायचा, तो ऊन डोक्यावर आलं की बाहेर यायचा. बीडच्या भंगार बाजारात फिरून फिरून त्याने जुना सायलेन्सर शोधला. नवा मिळत होता, पण त्याला तसलाच हवा होता. स्प्रिंगांचे पाटे उतरवून रॉकेलमध्ये धुतले. गंज पॉलिश पेपरने घासून काढला आणि ब्रशने तोच जुना राखी रंग दिला. सगळ्यात जास्त दिवस त्याने घातले ते पुढच्या डाव्या सीटवर. ती उसवून आत नवा काथ्या भरला, वर रेक्झिन चढवलं आणि शिलाई सरळ आली नाही म्हणून पुन्हा उसवून पुन्हा शिवलं. ती साहेबाची जागा. एकोणीस वर्षांत तिथे साहेबाशिवाय कुणी बसलं नव्हतं. आता तिथे कुणाला बसवायचं, हे त्याच्या मनात पक्कं होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

मुंजाजी गेल्यावर उत्तरेश्वरने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि जीप गावात काढली. आपण आणि आपली गाडी मारुतीच्या पारावरून एकदा तरी दिमाखात जावं, एवढी हौस माणसाला असायचीच. गल्ली अरुंद, म्हणून दुसरा गिअर. जीप रडायला लागली. तोच आवाज, तसूभरही फरक नाही. उत्तरेश्वरला वाटलं, लोक उठून बघायला येतील.

लोक उठले खरे. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एक जण धोतर सावरत उठला आणि घराकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. दारात भाकरीचं पीठ चाळत बसलेल्या एका म्हातारीने नातवाला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. टीव्हीच्या डिशखाली उभी असलेली तरणी पोरं तेवढी जीपकडे बघून हसली, आणि आजोबा का उठले म्हणून एकमेकांकडे बघत राहिली. उत्तरेश्वरने पारापाशी गाडी उभी केली तेव्हा पार रिकामा होता.

आणीबाणीच्या साली हा आवाज शिवारात आला की गावातले बाप्ये ज्वारीत पळायचे. नसबंदीची शिबिरं भरत होती, साहेबांना माणसं मोजून हवी होती आणि माणसं गोळा करायला हीच जीप फिरायची. उत्तरेश्वरला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. पण तो आवाज त्याने कायम गाडीत बसून ऐकलेला. ज्वारीत पालथं पडून नव्हे. म्हणून भंगारातून सायलेन्सर शोधून, ऑइल घालू न देता, जीव ओतून त्याने नेमका तोच आवाज पुन्हा गावात आणला होता. आपण काय करून बसलो, हे त्याला रिकाम्या पारापाशी कळलं, आणि मग त्याला घरी जायलाही दुसराच गिअर टाकावा लागला.

त्या संध्याकाळी तो एसटीडी बूथवर गेला.

"ईका ते डबडं आन् या हिकडं," सुभद्राबाई पलीकडून म्हणाली. "तिथं एकटं बसून काय करायलात?"

"गाडी चालू झाली," तो म्हणाला.

"मग? कोण बसलं का गाडीत?"

नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायची तिची जुनी खोड. "न्हाई," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. घरी येऊन जीपवर ताडपत्री टाकली.

ज्याला बसवायचं होतं तो गहिनीनाथ. दोघं एका ताटात जेवलेले, एका बांधावर वाढलेले. आणीबाणीच्या त्या साली एका बाजाराच्या दिवशी गहिनीनाथ माजलगावच्या रस्त्याने पायी निघाला होता, मागून जीप आली. साहेब पुढे बसलेले. उत्तरेश्वरने गाडी थांबवून मित्राला म्हटलं, "बस बे मागं, सोडतो." साहेब काही बोलले नाहीत. गहिनीनाथ मागे बसून लेकीला पहिला दात आला त्याचं कौतुक सांगत होता. फाट्यावर साहेब हळूच म्हणाले, "शाळेकडं घे." त्या शाळेत शिबिर होतं. उत्तरेश्वरने गाडी वळवली.

पुढच्या साली गोवराने ती पोरगी गेली. त्यानंतर गहिनीनाथ आणि त्याची बायको कौशल्याबाई यांना मूल झालं नाही, होणार कुठून.

गहिनीनाथने शिवी दिली नाही, भांडण काढलं नाही. त्याने अबोला धरला. आता एका गावात राहून अबोला म्हणजे एकमेकांचं तोंड चुकवणं नव्हे. बोलायचं तर असतंच. फक्त ते तिसऱ्याच्या तोंडून. पंगतीत दोघं शेजारी बसले तरी गहिनीनाथ वाढप्याला म्हणायचा, "त्याला म्हणावं, पत्रावळ जरा सरकव." उत्तरेश्वर सरकवायचा. अशी अठरा वर्षं गेली. उत्तरेश्वरची इच्छा एवढीच होती, की एकदा त्याला पुढच्या सीटवर बसवावं आणि माजलगावच्या बाजारात नेऊन सोडावं. त्या दिवशी राहिलेला रस्ता पुरा करावा.

भादव्यात पावसाने ठाण मांडलं. काळ्या रानात पाऊल टाकलं की चपलेचं ओझं व्हावं असा चिखल. एका दुपारी उत्तरेश्वर ओसरीत बसला होता, तोच कुंपणापाशी पोत्याची खोळ पांघरलेला माणूस येऊन उभा राहिला. हातात काठी. गहिनीनाथ. त्याने उत्तरेश्वरकडे पाहिलं नाही. शेजारच्या ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या गीताबाईला म्हणाला,

"गीताबाई, त्याला म्हणावं, परवा आखाड्यापतुर आवाज आलता. गाडी चालू हाय का?"

दोघांमध्ये दहा पावलांचंही अंतर नव्हतं. पण रीत ती रीत. "उत्तरेश्वरभाऊ, गाडी चालू हाय का म्हणत्यात."

"त्याला म्हणा, हाय. कावून?"

"कावून म्हणत्यात."

"कौशल्या घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं जणू. बैलगाडी घातली तर वढ्यापशी चाकाच्या आसापतुर रुतली. माजलगावला न्यायचंय."

हे पोचवायला गीताबाई थांबली नाही. ती आत पोती आणायला धावली, आणि उत्तरेश्वरने ताडपत्री ओढून काढली.

आखाडा म्हणजे गहिनीनाथचं शेतातलं घर, ओढ्याच्या अलीकडे. तिथवर जीप कशीबशी पोचली, तोवर गहिनीनाथ बांधावरून पायीच घरी आला होता. मोडलेल्या पायाला कामट्या लावून वर लुगड्याची पट्टी बांधलेली. दोघांनी मिळून कौशल्याबाईला उचललं. चार हात एका बाईखाली गुंतले तरी एक शब्द बोलणं झालं नाही. मागे पोत्यांवर तिला नीट टेकवल्यावर उत्तरेश्वर पुढे आला, डाव्या सीटवरचं पाणी तळहाताने पुसलं आणि बाजूला झाला.

गहिनीनाथने सीटकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि जीपच्या पुढे चालू लागला.

त्याचंही बरोबर होतं. डांबरी रस्त्याला नेणारी ओढ्याकाठची वाट पावसाने कुठे खचली आहे हे काठी टोचल्याशिवाय कळत नव्हतं. उत्तरेश्वरने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि त्याच्या चालीने जीप त्याच्यामागून नेऊ लागला. पुढे भिजलेली पोत्याची खोळ, मागे कण्हणारी बाई.

"सीट नवी केली जणू, भावजी," कौशल्याबाई दात आवळून म्हणाली. दुखणं विसरायला तिला बोलायचं होतं.

"व्हय."

"झ्याक झाली." "मी त्यांला लई येळा म्हणलं. म्हणलं, नोकरी व्हती त्यांची, सायबानं सांगितलं, त्यांनी वळवली. पर ते म्हणत्यात, साहेब परका व्हता."

चाक एकदम खाली गेलं, जीप उजवीकडे कलंडली आणि कौशल्याबाई ओरडली. पुढून गहिनीनाथ गर्रकन वळला. मध्ये कुणाकडून सांगायला वेळ नव्हता.

"डाव्या अंगानं घे," तो म्हणाला. "उजवीकडं ढासळलंय."

उत्तरेश्वर स्टिअरिंग धरून तसाच बसला. अठरा वर्षांनी त्याला कुणाच्या तोंडून न येता, थेट येऊन शब्द भिडला होता.

"घेतोस ना? डाव्या अंगानं."

"घेतो," उत्तरेश्वर म्हणाला. त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

"आस्ते. ये. ये आजून. दगड हाय, त्यावर चढव. आता सोड."

डांबरी रस्ता येईपर्यंत ते दोघं बोलत होते. ये, थांब, आता डावं, आता सरळ. दुसरा एकही शब्द नव्हता त्यात, पण एवढं सलग ते तरणेपणीही बोलले नसतील. जीप रडत होती आणि उत्तरेश्वरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की ही वाट आणखी थोडी खराब असती तरी चाललं असतं.

चाकं डांबरावर चढली. आता पुढे चालायचं काही कारण उरलं नव्हतं. उत्तरेश्वरने पुन्हा सीट पुसली.

"गहिनी," तो म्हणाला, "बस म्होरं. माजलगावला जाऊ."

गहिनीनाथ मैलाच्या दगडावर काठीचा चिखल खरवडत होता. चिखल निघाला तरी तो खरवडत राहिला. मग जीपच्या मागच्या बाजूला गेला, बायकोच्या अंगावरचं पोतं सारखं केलं आणि तिला म्हणाला,

"त्यांला म्हणावं, बिगीनं न्या. मी मागून येतो."

कौशल्याबाई नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, ते म्हणत्यात—"

"ऐकलं, वहिनी."

त्याने गाडी काढली. रस्ता चांगला होता, तरी दुसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. नव्या बसवलेल्या आरशात गहिनीनाथ दिसत होता, डोक्यावर पोतं, हातात काठी, रस्त्याच्या कडेने त्याच दिशेला चालत. जरा लहान झाला की उत्तरेश्वर पाय सैल सोडायचा, म्हणजे तो पुन्हा तेवढाच दिसायचा.

"भावजी," मागून कौशल्याबाई म्हणाली, "पाय लई ठणकायलाय. जरा बिगीनं घ्या."

"व्हय वहिनी," तो म्हणाला आणि तिसरा गिअर टाकला. जीपचं रडणं थांबलं. वळणावर आरशात नुसता ओला रस्ता राहिला. शेजारच्या सीटवर पावसाचं पाणी साचलं होतं, ते त्याने डाव्या हाताने पुसून काढलं.