नावाची जागा

"ओ बर्गीबउ, जानला खोलो."

खिडकी उघड म्हणणारी ती हाक इतकी जवळून आल्यासारखी वाटली, की पाळण्याच्या दांडीला मोगऱ्याची माळ बांधता बांधता वृंदाचा हात थांबला. समोर सॉल्ट लेकच्या फ्लॅटची बंद खिडकी होती, आणि हाक मारणारी बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

पूर्वी कोलकात्यातल्या बागबाजारच्या बोळात शेफालीदींची खिडकी वृंदाच्या खिडकीसमोर होती. हात लांबवला की वाटी देता येईल, एवढंच अंतर. जुन्या काळी बंगालवर चालून आलेल्या मराठी स्वारांना तिथे बर्गी म्हणत, म्हणून नवऱ्याच्या बँकेच्या बदलीनं आलेली ही मराठी सून त्यांच्या लेखी बर्गीबउ झाली. थट्टा होती, पण तिच्यामागून खिडकीतून गरम लुचीही येई, मैद्याची टम्म पुरी. दिवेलागणीला खिडकी उघडायची ती मात्र लुचीसाठी नाही. तेव्हा शेफालीदी गुणगुणत. शब्द नसलेली, झोक्यासारखी जाऊन परत येणारी चाल. त्या चालीवर इकडे वृंदाचा तान्हा तन्मय झोपून जाई.

"माळ सैल राहिली हो, विहीणबाई," उषाताई म्हणाल्या. त्या वृंदाच्या सुनेच्या, मुग्धाच्या आई, नातीच्या बारशासाठी पुण्याहून आलेल्या. घुगऱ्यांना मीठ किती इथपासून पाळण्याचं तोंड कुठल्या दिशेला इथपर्यंत सगळं त्यांनी हातात घेतलं होतं. "आणि पहिली दोरी लेकुरवाळीनंच ओढायची. आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कुणाचा मान राहिला, कुणाचा गेला, असं नको व्हायला."

वृंदा "हो" म्हणाली आणि गाठ आवळली.

बायका जमू लागल्या तशी मृणालही आली, गळ्यात हेडफोन, हातात छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र. ही मराठी मुलगी कोलकात्यातच वाढलेली. बालीगंजमधल्या एका रिकाम्या गॅरेजात मित्रांबरोबर तिनं इंटरनेटवरचा रेडिओ थाटला होता. शहरातल्या घराघरांतली गाणी गोळा करायची आणि मोकळी सोडायची. कुणीही घ्यावं, गावं, बदलावं, त्यावर चित्र काढावं, नाटक करावं. अट एकच, ते कुणाकडून आलं त्याचं नाव सांगायचं. वृंदा गात असलेला पाळणा तिथून असाच निघाला होता. एका चित्रकारानं त्याची लांब पटावरची चित्रमाला केली, बाहुल्यांच्या खेळवाल्यांनी तो उचलला, आणि दर वेळी नावाच्या जागी 'मराठी लोकगीत' एवढंच लागलं. कारण वृंदा पहिल्यापासून सांगत आली होती, आमच्या गावाकडचा आहे, जुना.

आज मृणालचा चेहरा उतरलेला होता. तिनं वृंदाला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"काकू, आपला गाणं उतरवला त्यांनी."

"आपलं गाणं उतरवलं," सुंठवड्याच्या वाट्या भरता भरता उषाताईंनी दुरुस्ती केली. "इतकं गोड गातेस आणि बोलताना गाण्याचा मुलगा करून टाकतेस."

मृणाल हसली, पण तेवढ्यापुरतीच. मग तिनं सांगितलं ते असं : कुठल्याशा कंपनीनं तीच चाल वाद्यांत घोळवून आपल्या नावावर लावली होती, आणि आता तीच कंपनी म्हणत होती की मूळ चाल आमची. रेडिओवरचा पाळणा बंद झाला होता. चित्रमाला, बाहुल्यांचा खेळ, जिथे जिथे तो वाजत होता तिथे तिथे बंद होणार होता. लोकगीत आहे म्हटलं तर ते पुरावा मागत होते, आणि मृणालनं पुण्या-साताऱ्यापर्यंत विचारलं, तर ही चाल कुणाच्याच कानावर नव्हती.

"ही चाल कुणीतरी केली आहे, काकू. ते माणूस कोण, एवढं कळलं तर मी भांडू शकते. नाही तर आज संध्याकाळी मुदत संपली, की मला हात वर करावे लागतील."

"बारसं होऊ दे," वृंदा म्हणाली आणि हातातलाच चमचा शोधू लागली.

शेफालीदींना तिनं शब्द दिला होता. त्या गुणगुणण्याला तिनं आपल्या बोलीत कडवी बांधली आणि एका संध्याकाळी खिडकीतून गाऊन दाखवली, तेव्हा शेफालीदी कितीतरी वेळ गज धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, तुमच्या घराघरांत गाऊ दे हे. ज्याला हवं त्यानं गावं, वाटेल ते नाव घालावं. फक्त माझं नाव सांगू नकोस. रिकाम्या ओटीतून आलेली चाल आहे कळलं, तर कुठली आई आपल्या पाळण्याशी गाऊ देईल?

कोलकात्यातल्या मराठी घरांत मग किती बारशी झाली, आणि प्रत्येक बारशाला बायका कौतुकानं म्हणाल्या, जुन्या बायका काय हुशार, ऐन नावाशी जागा सोडून ठेवली, कुठलंही नाव बसतं. वृंदा मान डोलवी. चाल त्या जागी का थांबते, ते तिनं तन्मयला सांगितलं नव्हतं. तन्मयच्या बाबांनाही नाही.

बारसं सुरू झालं. बाळ पाळण्याच्या वरून-खालून एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. पहिली दोरी उषाताईंनी ओढली. मुग्धा पाटावर टेकून बसली होती, अजून ओली बाळंतीण, थकलेली, आणि डोळे नुसते बाळावर. मृणालनं यंत्र पाळण्याच्या पायाशी ठेवलं. वृंदानं सूर धरला.

*घाटावरती उतरला चांद, पाण्यावरती पायवाट,*
*कुण्या गं सोनुलीसाठी जागी राहिली पहाट?*

इथे चाल थांबते. आत्या झालेल्या सानिकानं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मग मोठ्यांदा नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले, हसू उसळलं, कुणीतरी पेढा भरवला. सगळ्यांच्या लेखी ती जागा भरली.

वृंदाला मात्र त्या हसण्याखालून दुसरीच शांतता ऐकू येत होती. खिडकीतली. तिथे शेफालीदींचा श्वास अडे, गजावरची बोटं आवळत, आणि चाल पुन्हा पहिल्या झोक्याला जाई. घराघरांत गाऊ दे, म्हणाल्या होत्या. उद्यापासून ती चाल कंपनीची होणार होती, कुणाला मोकळेपणी गाता येणार नव्हतं. शब्द पाळला तर गाणं जाणार, आणि शब्द दिला होता तो गाण्यासाठीच.

"मृणाल," ती म्हणाली, "ही चाल गावाकडची नाही. शब्द माझे आहेत. चाल शेफाली दत्तांची, बागबाजारच्या."

मृणालनं मान वर केली. वृंदा थांबली असती तर तेवढ्यानं भागलं असतं. उषाताईंच्या हातातल्या दोरीकडे बघत ती पुढे बोलली.

"त्यांचं बाळ गेलं होतं. नाव ठेवायच्या आधी. म्हणून तिथे गाता येत नसे त्यांना. मी ती जागा तशीच ठेवली."

घुगऱ्यांच्या वाट्या हातांत तशाच राहिल्या. मुग्धानं पदर सावरला आणि आईकडे पाहिलं. सगळ्याच जणी उषाताईंकडे पाहत होत्या. पाळणा आपल्या वेगानं दोन-चारदा गेला, आला, मंद झाला.

उषाताईंनी दोरी सोडली नाही. थोड्या वेळानं त्यांनी ती पुन्हा हलकेच ओढली.

"मुलगा होता, की मुलगी?"

"मुलगी."

"काय ठेवणार होत्या नाव?"

यंत्राचा लाल दिवा चालूच होता. मृणालचा हात त्याच्याकडे गेला आणि मागे आला. ते नाव शेफालीदींनी एकदाच उच्चारलं होतं, खिडकी लावून घेता घेता, आणि त्यानंतर ते वृंदाच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. तिनं पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला.

"झिनुक," ती म्हणाली. "झिनुक ठेवणार होत्या."