ज्याला आधी दिसेल तो

त्या जंगलात जनावर ज्याला आधी दिसेल, त्याने तिथेच उतरायचे असते. हेमलताला हे गेटच्या आत गेल्यावर कळले, सासूबाई उतरल्या तेव्हा.

रस्त्याच्या डाव्या अंगाला चितळांचा कळप चरत होता. "अगंबाई, किती गोड आहेत," वत्सलाबाई म्हणाल्या. ड्रायव्हरने उघडी जिप्सी थांबवली. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून घरातला उंबरठाही धरून ओलांडणाऱ्या वत्सलाबाई कुणाचा हात न धरता खाली उतरल्या. त्यांनी चष्मा काढून सीटवर ठेवला, पदर खोचला. कळपाने त्यांना मध्ये घेतले. त्यांनी मान खाली घातली आणि गवताला तोंड लावले.

"आई, चला ना. थंडी आहे," हेमलता म्हणाली.

"त्यांना आता ऐकू नाही येणार, मॅडम," गाइड मडावी म्हणाला. तो पुढच्या सीटवर जंगलाकडे पाठ करून, प्रवाशांकडे तोंड करून बसला होता. ड्रायव्हर चाकांपुढच्या मातीखेरीज कुठेच पाहत नव्हता.

"गाडी फिरवा."

"इथून मागं जाता येत नाही."

जिप्सी पुढे निघाली. हेमलताचा नवरा विश्राम बराच वेळ मागे वळून पाहत राहिला. "शाल तरी द्यायला हवी होती," तो म्हणाला.

रस्ता अरुंद होत गेला. दोन्हीकडचे बांबू इतके जवळ आले की पाने गालांना लागू लागली.

"हेमा, डोळे मिट," विश्राम म्हणाला. "मीही मिटतो."

दोघे हात घट्ट धरून बसले. चाकांखाली वाळलेली पाने चुरडत होती. मग गाडी थांबली.

"अहो, तुम्ही डोळे उघडलेत?"

"एकदा आईला बघावंसं वाटलं गं." त्याचा आवाज शांत होता. "गवा आहे. केवढा मोठा."

तिने हात सोडला नाही. तिच्या मुठीत त्याची बोटे एकमेकांना चिकटली, टणक झाली, थंड पडली. शेवटी मुठीतून निसटले ते खूर होते. मग झुडपे मोडत गेल्याचा आवाज आला आणि गाडी चालू झाली. हेमलताच्या मिटल्या पापण्यांतून पाणी वाहत होते. ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.

"मी डोळे उघडलेच नाहीत तर?" तिने विचारले.

"काही जण तसं करतात," मडावी म्हणाला. "मग जनावरालाच माणूस आधी दिसतं."

"मग?"

वर माकडे ओरडू लागली आणि एकदम गप्प झाली. गाडी पुन्हा थांबली. मागच्या फळीची कडी कुणीतरी काढली. जिप्सी एका बाजूला खचली, स्प्रिंगा करकरल्या. उग्र वास आला, आणि तिच्या कानाशी गरम श्वास.

"जरा सरका, मॅडम," मडावी हळू म्हणाला.

हेमलता सरकली. शेजारी जड अंग टेकले. पुढे उजेड वाढल्याचे तिला पापण्यांवर जाणवले. रस्ता रुंद होत होता.

"यांना कुठं सोडायचं?" ड्रायव्हरने पहिल्यांदाच तोंड उघडले.

डोळे न उघडता हेमलताने घरचा पत्ता सांगितला.