देवाच्या बैलाचा उपास

धायरीच्या सोनबाला हौस वळू मिरवण्याची, आणि ती हौस पोसायची कशी ही चिंता त्याच्या बायकोची. असंच असतं. नवरा चारचौघांत मिशीला पीळ देत असतो तेव्हा घरात कोणीतरी सरकीच्या पाटीत हात घालून बघत असतं, किती उरली म्हणून. बायडाबाई चार वर्षं त्या पाटीत हात घालत होती.

वळूचं नाव बाशिंग्या. खिल्लार जातीचा, पांढराशुभ्र, कपाळावर तेवढा तांबूस पट्टा. दावणीच्या दोन्ही गाईंचं दूध त्याच्या पोटात गेलं आणि घरात ताकाचा दुष्काळ पडला. सरकी, गूळ, भिजवलेले हुलगे, थंडीत तिळाचं तेल. हे सगळं जमवायला बायडाबाईने हातातले गोट मोडले, दोन वर्षं नवं लुगडं घेतलं नाही आणि भाकरीबरोबर कोरड्यास करणंही सोडलं.

चरायला मात्र त्याला कधी सोडलं नाही. काट्याचा एक ओरखडा उठला की चार वर्षांची मेहनत पाण्यात. खाली वाकून खायचीही त्याला बंदी होती, कारण मान खाली राहिली की वशिंड एका अंगाला ढळतं, असं सोनबाचं ठाम मत. म्हणून वैरण उंच गव्हाणीत, आणि पिठाचे गोळे बायडाबाई स्वतः वळून त्याच्या तोंडाशी उंच धरायची. जमिनीवर पडलेली काडी त्या जनावराने कधी उचलली नव्हती. ते बघून शेजारणी हसायच्या आणि बायडाबाईला उलट अभिमान वाटायचा.

पुण्यात आप्पासाहेब नावाचे एक म्हातारे सरदार दर दसऱ्याला वाड्यापुढे पंचक्रोशीतले वळू बघायला बसत. पहिला येईल त्याच्या धन्याला पागोटं आणि त्यांच्या कुरणातलं वर्षभराचं गवत. त्या वर्षी बाकीचे वळू नगाऱ्याला बुजले, दावी तोडू लागले. बाशिंग्या तेवढा गर्दीत उभ्या असलेल्या बायडाबाईच्या हाताकडे बघत मान उंच करून उभा राहिला. पागोटं सोनबाच्या डोक्यावर गेलं. असा वळू कोणी वाढवला म्हणून विचारणा झाली तेव्हा सोनबा छाती काढून म्हणाला, मी. बायडाबाईने ते ऐकून सोडून दिलं. आता गवत फुकट येईल, गावोगावचे लोक आपल्या गाई घेऊन धायरीला येतील, धान्य देतील, आणि घातलेलं सगळं हळूहळू परत येईल, एवढं तिला पुरे होतं.

कार्तिकात आप्पासाहेब वारले. अशा मोठ्या माणसाच्या नावाने अकराव्या दिवशी वळू सोडतात. त्याच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्राचा डाग देतात, आणि मग तो देवाचा. त्याला कोणी जुंपायचं नाही, कोणी बांधायचं नाही, कोणी आपला म्हणायचं नाही. आप्पासाहेबांचे कारभारी श्रीधरपंत शंभर रुपये घेऊन धायरीला आले. मालकांच्या नजरेत भरलेला वळू हाच, तेव्हा हाच हवा, असं त्यांचं म्हणणं.

सोनबा नाही म्हणाला. हो म्हणाली ती बायडाबाई. शंभर रुपयांत चारही वर्षं भरून निघत होती, हे खरंच. पण तिच्या मनात दुसरंही होतं. मानेवर जू नाही, पाठीवर चाबूक नाही, अख्खं आयुष्य शंकराच्या नावाने. पोटच्या पोराचंही याहून भलं ती काय करणार होती? त्याला खायला कोण घालणार, एवढं तिने विचारलं. अहो बाई, देवाच्या बैलाला पुण्यात काय कमी, असं म्हणून पंत उठले.

मुठेकाठी घाटावर लाल झालेलं लोखंड त्याच्या अंगाला लागलं तेव्हा बायडाबाई पदर कानावर दाबून उभी होती. तरी तो हंबरडा तिने ऐकलाच.

पाचव्या दिवशी पहाटे बाशिंग्या दारात उभा. तीन कोस चालून आला होता, पोट पाठीला लागलेलं, डागांत पू झालेला. बायडाबाईने त्याला हळद-तेल लावलं आणि गोळे चारले. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. दान दिलेलं जनावर दावणीला बांधलं तर मेलेल्या माणसाचं पुण्य चोरल्यासारखं होतं, असं जोशीबुवांनी सांगितलं, आणि सोनबा घाबरला. त्याने त्याला हाकलत पुण्याला पोचवलं. तीन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी सोनबाच्या हातात काठी होती. नवरा रडत मारत होता आणि वळू मार खात खात बायडाबाईकडेच सरकत होता. शेवटी सोनबाने त्याला पुन्हा पुण्यात नेऊन सोडलं, आणि आठ दिवस झाले तरी तो परत आला नाही.

मग तिने शंभरचे शंभर रुपये पदरात बांधले आणि पुणं गाठलं. पैसे श्रीधरपंतांपुढे ठेवून म्हणाली, "ह्ये घ्या, आन् माझं जनावर मला द्या. त्येला खाली वाकून खाता येत न्हाई. ही माझी चूक हाय, त्येची न्हाई."

पंतांनी पैशांना हात लावला नाही. "दान परत घेता येत नाही, बाई. तुम्हाला बैल परत द्यायचा, तर आप्पासाहेबांनाही परत बोलवावं लागेल. जमेल तुम्हाला?"

पैसे पुन्हा पदरात बांधून ती निघाली. ते पैसे तिला जड झाले होते.

शनिवारवाड्यापुढच्या मंडईत त्याला शोधायला वेळ लागला नाही. तिथे गर्दी जमली होती, झांजा वाजत होत्या. मधोमध बाशिंग्या मान उंच करून उभा होता, गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळावर हळदी-कुंकवाचा थर. पुढ्यात मेथीच्या जुड्या, मुळे, भोपळ्याच्या फोडी, केळी, असा ढीग. त्यातलं एक पानही हललेलं नव्हतं. अंगाला ताप भरला होता, पाय थरथरत होते, डागांवर माश्या बसल्या होत्या. देवाच्या खुणेला हात कोण लावणार, म्हणून जखम कोणी धुतलीही नव्हती.

मुक्ताबाई नावाची एक भाजीवाली हात जोडून बायडाबाईला कौतुकाने सांगू लागली. देवाचे बैल तिने पुष्कळ पाहिले, सगळे दांडगे, पाट्या उलथवणारे. हा मात्र आठ दिवस समोर भाजी असून तोंड लावत नाही. उपास धरलाय त्याने. आप्पासाहेबांच्या घरची माणसंसुद्धा दर्शन घेऊन गेली, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"उपास न्हाई त्यो," बायडाबाई म्हणाली. "भुकेला हाय."

मुक्ताबाईने तिच्याकडे दयेने पाहिलं. बायडाबाई गर्दीत घुसली. बाशिंग्याने तिला ओळखलं. त्याची मान तिच्याकडे वळली, जीभ बाहेर आली, आणि तिने फडक्यातला गोळा काढून हात उंच केला.

चार हातांनी तिला मागे ओढलं. व्रत मोडू नका, असं कोणी म्हणालं. कुठली कोण बाई, पापाला कारण होते, असं आणखी कोणी. मीच त्याला वाढवलाय, हे ती ओरडून सांगत होती, पण झांजांत ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना ऐकू गेलं त्यांना खरं वाटलं नाही. दसऱ्याला त्याचा धनी सगळ्या पुण्याने पाहिला होता. तो पागोटेवाला होता.

मुक्ताबाई मनाने वाईट नव्हती. एवढ्या लांबून भक्तीने आणलेलं वाया जाऊ नये, म्हणून तिने बायडाबाईच्या मुठीतून तो गोळा हळूच सोडवून घेतला, पत्रावळीवर ठेवला, वर तुळशीचं पान घातलं आणि बैलाच्या पायांशी नैवेद्य म्हणून मांडला.

बाशिंग्याने वास घेतला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. तो मान उंच करून बायडाबाईच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला, आणि लोकांनी जयजयकार केला.