पाण्याबाबत योग्य ती दक्षता

आपत्तीत माणसाला वाचवते ती भाषा, असं पंडितचं ठाम मत होतं. गावाच्या आपत्ती कक्षात इशारे लिहिण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि पंडित हे नाव त्याला शिपायाने ठेवलं होतं, कौतुकाने नव्हे.

सकाळी दहाला धरणावरून फोन आला. दरवाजे उघडतोय, चारपर्यंत खालच्या गल्लीत पाणी. पंडितने लिहिलं, "चार वाजता खालच्या गल्लीत पुराचं पाणी शिरेल. त्याआधी घर सोडा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "घबराट होईल हो. जरा सौम्य करा."

साहेब एवढंच म्हणाले. बाकीचं पंडितने आपणहून, हौसेने केलं. वाक्यातून पूर गेला, चार गेले, गल्लीही गेली. उरलं ते असं: "नदीच्या प्रवाहात संभाव्य बदल अपेक्षित असल्याने पाण्याबाबत योग्य ती दक्षता घेण्यात यावी." 'संभाव्य' आणि 'अपेक्षित' शेजारी शेजारी बसवल्याचं त्याला विशेष समाधान वाटलं. साडेअकराला ते वाक्य गावातल्या प्रत्येक मोबाइलवर गेलं.

खालच्या गल्लीत त्याची थोरली बहीण शिलाईकाम करायची. तिला फोन करावा, असं एकदा मनात आलं. पण घरच्यांना वेगळं सांगणं बरं दिसत नाही. शिवाय वाक्यात सगळं आलंच होतं.

पाणी मात्र वक्तशीर निघालं.

साडेपाचला तो बचाव पथकाच्या होडीतून, मग गुडघाभर चिखलातून जिना चढून वर पोचला. ताई वरच्या मजल्यावर, मास्तरीणबाईंच्या दारात उभी होती. शिलाई मशीन खाली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांसकट पाण्यात.

"ताई, अगं निघाली का नाहीस?"

"कशाला निघू? तुमच्याच ऑफिसचा मेसेज ना, पाण्याबाबत दक्षता घ्या म्हणून? म्हटलं, नळ जाणार. दुपारभर भरत बसले. पिंपं, बादल्या, कुकरसुद्धा सोडला नाही. बाईंचंही भरून दिलं. सगळ्या गल्लीला सांगितलं, भरा गं, माझा भाऊच आहे तिथे."

"आणि भरलं की आम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण त्या वाक्याचा कर्ता काही मला सापडला नाही."

"खरंच, कोण लिहितं रे असलं?" ताईने विचारलं.

पंडितने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "साहेब," तो म्हणाला.

"तरीच! मी बाईंना म्हटलं, हा माझ्या भावाचा हात नव्हे. मेल्याने तुझ्यासारख्या शिकलेल्याला विचारायचं तरी!" तिने भरलेली बादली त्याच्यापुढे सरकवली. "पाय धू आधी. लाजू नकोस, ढीगभर आहे."

त्याने पाय धुतले. मग, कुणी सांगितलं नसताना, पुन्हा धुतले.

नळाला पुढे सहा दिवस पाणी आलं नाही.